नाल्याकाठच्या चुली

कुसुमबाई : लाकडाले हात नका लावू म्हनलं ना! बकाराम, तू रच त्या चुली. हा साहेब कोन आपल्याले सांगनारा?

संघदीप : मावशी, जयभीम. मी संघदीप, मूळचा अर्जुनी मोरगावचा. त्या तेलाच्या कारखान्यानं मला नागपूरहून बोलावलंय, तिथं काय धोके आहेत ते तपासायला. दोन मिनिटं ऐकून घ्या माझं.

कुसुमबाई : जयभीम म्हनते, अना चुली मोडाले येते! माह्या खुशबूचं लगन आहे आज. वरात कोहमाऱ्याले पोचली म्हनून आताच फोन आला. वऱ्हाडाले काय कच्चे तांदूर वाढू?

संघदीप : स्वयंपाक करा, पण इथं नको. नाल्यापासून लांब, रस्त्यापलीकडं करा. हे यंत्र बघा. खाली, पाण्याजवळ धरतो. ऐकलं? वाजायला लागलं.

कुसुमबाई : वाजून राहिलं तुह्या हातात. माह्या चुलीनं काय केलं?

संघदीप : मावशी, तांदळाच्या कोंड्यातून तेल काढायला तिथं सॉल्व्हंट वापरतात. पेट्रोलसारखंच असतं ते. त्याची वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, नाल्यातून, खोलगट जागेतून सरपटत येते. विस्तव भेटला की भडकते आणि आली त्याच वाटेनं मागं धावते, थेट कारखान्यापर्यंत.

कुसुमबाई : हां! म्हंजे आमची टोली, हे घरं जळले तर जळो, पर आग कारखान्याले पोचन, म्हनून तू धावत आला.

संघदीप : तसं नाही, मावशी.

कुसुमबाई : मंग कसं? वासानं डोकं दुखते म्हनून किती खेपा त्या गेटवर गेलो आमी बायका. चौकीदार म्हने, नालीचा वास आहे, घरी जा. तवा कोनी यंत्र घेऊन नाई आलं. आज आमच्या घरी कार्य आहे, तर आमचीच चूल खराब! तो पाहा, तुमचा मॅनेजर आला. सिगारेट तिकडं रस्त्यावरच विझवली त्यानं. आपल्या नालीजवर येताना त्याले बरोबर आठवते.

देवेंद्र : नमस्ते, बाई. शादी मुबारक. टेन्शन नका घेऊ. कंपनीकडून साखर, रवा, जे लागेल ते पाठवतो. बस, चुली जरा उचलून घ्या. आजचाच सवाल आहे.

संघदीप : बिसेनसाहेब, प्लान्ट बंद करा म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. केला का बंद?

देवेंद्र : बंद कसा करू, सर? सीझन आहे. सगळ्या राइस मिलांचा कोंडा आमच्या दारात येऊन पडलाय. ठेवला की खराब होतो. मालिक माझी चमडी सोलतील.

संघदीप : आणि सांडपाणी तापवून त्यातलं सॉल्व्हंट काढून घेणारी टाकी? ती बंद आहे, हे मी स्वतः पाहिलं. कधीपासून?

देवेंद्र : पार्ट यायचाय, सर. बोललोय मी वर.

संघदीप : म्हणजे टाकी बंद, प्लान्ट चालू, आणि सगळं पाणी तसंच नाल्यात.

देवेंद्र : थोडा प्रॅक्टिकल विचार करा ना, सर. तुमच्या अहवालात लिहा, धोका बाहेरच्या विस्तवाचा. आम्ही तार लावू, बोर्ड लावू, ‘इथे आग पेटवू नये’. खतम.

कुसुमबाई : कोठी लावता बोर्ड? माह्या आंगनात? तुमचा कारखाना नव्हता तवापासून आमच्या चुली आहेत इथं. माह्या सासूनं याच नाल्याच्या काठावर चूल मांडून दिवस काढले. अना आता आमीच बाहेरचे?

देवेंद्र : बाई, तुम्ही उलटा मतलब काढू राहिल्या. तुमच्याच जिवासाठी बोलतोय.

कुसुमबाई : आमच्या जिवाची फिकीर! धुरपता माही जाऊ. मागच्या थंडीत याच नाल्यावर पोळली ते, तवा कोठी होती तुमची फिकीर?

संघदीप : थांबा, मावशी. काय झालं होतं?

कुसुमबाई : काय होनार? न्हायाले पानी तापवाव म्हनून काठावर तीन दगड मांडले. काडी ओढली, तं पानीच पेटलं, बाबू. पान्यावरून आग पयत गेली. लुगडं पेटलं तिचं. दोन्ही पाय गेले सोलून. अजून चप्पल नाई घालता येत तिले.

संघदीप : बिसेनसाहेब.

देवेंद्र : सर, ती स्टोव्हची केस होती. दवाखान्यात तसंच लिहिलंय.

कुसुमबाई : नाल्यावर स्टो घेऊन कोन जाते, जी? कंपनीच्याच जीपनं नेलं तिले गोंदियाले. मी होतो ना सोबत. ते कन्हून राहिली, अना हा पुढच्या सीटवरून तिले पढवून राहिला. स्टो म्हन बाई, स्टो म्हनशीन तं औषधपानी कंपनी करन. माह्यासमोर, खोटं सांगत असन तं सांग म्हनावं!

संघदीप : मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं. कुंपणाच्या बाहेर कधी काही पेटलं का? हसत हसत चहा पुढं केलात आणि म्हणालात, कधीच नाही.

देवेंद्र : सर, नोकरी करतो मी. माझ्या घरी पण लेकरं आहेत.

संघदीप : त्या बाईचे पाय जळाले, साहेब! हे मला माहीत असतं तर आल्या आल्या मी प्लान्ट थांबवा म्हणालो असतो. आणि आता मी सकाळपासून काय करतोय? दारोदार फिरून बायकांना चुली पेटवू नका सांगतोय. ज्यानं पेट्रोल सांडलं त्याला सोडून, भात शिजवणाऱ्यांना!

कुसुमबाई : आता बोलला.

देवेंद्र : पण सर, आत्ता या घडीला तर चूलच पेटवायची नाही ना? तुम्हीच म्हणाले.

कुसुमबाई : नाई पेटवत. नाल्यात लेकरं खेळून राहिले, मी काय येडी आहो? बकाराम, काडीपेटी दे इकडं. लेकराइले वर हाकल, पोरी. पर आयका, मॅनेजरसाहेब. मी साखर नाई घेत तुमची. वरात आली का नवरदेवासकट तुमच्या गेटवर नेतो. भंतेजी पन तिथंच येतीन. लगन तुमच्या गेटवर लागन. अना व्याही विचारन, भात काऊन नाई शिजला, तं तुमी सांगसान. तुमच्या तोंडानं.

देवेंद्र : बाई, असं नका करू. गेटवर भीड म्हणजे पुलिस येईल, पेपरवाले येतील.

कुसुमबाई : येऊ द्या. धुरपता चालत येईन तिथं. अनवानी.

संघदीप : बिसेनसाहेब, तुमच्या मालकांना मी फोन लावतो. तुम्ही प्लान्टला लावा. आत्ता. माझ्यासमोर.

देवेंद्र : मालिक नाही म्हणाले तर?

संघदीप : तर मी वरातीसोबत चालत येतो.

देवेंद्र : … हॅलो. छोटेलाल? कोंडा डालना बंद कर. हां, अभी. पहले नाली का गेट बंद कर, पानी अंदर के गड्ढे में ले, एक बूँद बाहर नहीं जाना चाहिए. फिर कायदे से प्लान्ट बंद. … किसने बोला? मैंने बोला. देवेंद्र बिसेन ने बोला. मालिक पूछे तो मेरा नाम ले.

संघदीप : चुली शाळेच्या अंगणात हलवू या. वारा तिकडून इकडं आहे, तिथं धोका नाही. मी हात लावतो. चला, बकारामभाऊ, भात शिजवायची ती मोठी गंजी धरा.

(रस्त्यापलीकडच्या शाळेचं अंगण. लग्न, जेवणं इथंच झाली. सूर्य मावळतीला. वरात नवरीला घेऊन नुकतीच निघून गेली आहे.)

कुसुमबाई : मॅनेजरसाहेब, तिथं भिंतीले टेकून कायले उभे? जेवले का?

देवेंद्र : कोणत्या तोंडानं जेवू, बाई?

कुसुमबाई : हेच तोंड धुवा अना बसा. माफ केलं नाई म्हनलं मी. जेवा म्हनलं. माफी धुरपताजवर मागा, तिनं दिली तं घ्या.

देवेंद्र : गेलो होतो तिच्याकडं. आत गेली अन् दार लावून घेतलं.

कुसुमबाई : मंग उद्या परत जा.

संघदीप : मालकांशी बोलणं झालं का?

देवेंद्र : झालं. तुमची सुट्टी केली त्यांनी, सर. म्हणाले, दुसरा माणूस आणू, समजदार. माझं काय ते उद्या सांगणार आहेत.

संघदीप : आणू द्या. मी कारखाना निरीक्षकांना सगळं कळवलंय. धुरपताबाई स्वतः बोलल्या त्यांच्याशी, माझ्याच फोनवरून. उद्या येताहेत ते. टाकी दुरुस्त झाल्याशिवाय प्लान्ट सुरू होणार नाही.

देवेंद्र : मला विचारलं तर सांगीन मी. स्टोव्ह नव्हता म्हणून.

कुसुमबाई : विचारलं नाई तरी सांगा.

देवेंद्र : हो. सांगीन.

संघदीप : मावशी, मघाशी नाल्यावर जाऊन आलो. यंत्र आता वाजत नाही. तरी आजची रात्र तिकडं कोणी विस्तव नेऊ नका. वास येतोय का अजून?

कुसुमबाई : नाई, बाबू. खुशबू तिसरीत होती तवा लागला हा कारखाना. गाडीत बसली अना म्हने, आई, आज हवा कशी वेगळीच लागून राहिली. मी म्हनलं, वेगळी नाई माय, आपल्या गावची हवा अशीच होती. तुले आता आठवत नाई. अजून सांगनार होतो, तं गाडी सुटली.