'कोणी नाही'

हसा हवं तर, पण सरकारी कागदावर मी एकदा खरं खोडून खोटं लिहिलं, ते अजून छातीवर बसलंय.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. अपंग मुलांच्या घरी मदत द्यायची, म्हणून आधी चौकशीला जायचं काम माझ्याकडे होतं. संगमेश्वरकडच्या एका वाडीत गेलो. नवरा मुंबईला, घरात बाई आणि दहा वर्षांची मुलगी. पोरीला उठता-बसता येत नव्हतं, मध्येच झटके यायचे.

मी विचारलं, "तुम्ही पाण्याला जाता तेव्हा हिला कोण बघतं?"

"नणंद बसते ना."

आतल्या खोलीत हिरव्या लुगड्यातली बाई पोरीला थोपटत होती, ती मला दिसतच होती. 'सांभाळणारी दुसरी व्यक्ती' या रकान्यात मी 'नणंद' लिहिलं.

अंगणात पोलीस पाटील उभे होते. कागद बघून म्हणाले, "भाऊसाहेब, नणंद वारून तीन वर्षं झाली. असं लिहिलंत तर बिचारीला मदत मिळायची नाय."

मी आत डोकावलो. पोर एकटीच गाढ झोपलेली. 'नणंद' खोडून 'कोणी नाही' लिहिलं आणि बाईला वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला.

मदत मंजूर झाली. पुढच्या वर्षी फेरतपासणीला गेलो, तर बाईचे डोळे खोल गेलेले.

"पैसे येतात," ती म्हणाली. "पण त्या दिसापासून पोर झोपत नाय, मलाही निजू देत नाय."

"का?"

"तुमीच लिवलंत ना, कोणी नाय म्हणून. नणंद यायचीच थांबली."