हवेत उत्तम

...चालत नाही असं मी म्हटलंच नाही! चालतं. तुम्हाला सांगतो, हवेत उत्तम चालतं. कटर लाकडाच्या बोटभर वर ठेवा, बटण दाबा, काय तो डौल, काय ती गिरकी, मोटारी अशा सुरात गुणगुणतात की वाटावं, अरे, हे मी केलं? ज्या हातांनी या घरात आजवर एक खिळा सरळ गेला नाही, त्या हातांनी? आणि मग तोच कटर बोटभर खाली आणा, लाकडाला टेकवा... शी! नाव काढू नका.

आता तुम्ही म्हणाल, रिटायर झालेल्या माणसानं गप पेपर वाचत बसावं, तर हे घरच्या घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन, बनवायचं खूळ आलं कुठून? माझ्या जिभेतून आलं. सुनेला दिवस गेले, सगळे आनंदात, बायको म्हणाली, पाळणा बघून ठेवू या, आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, जेवता जेवता छाती काढून सांगितलं, "दुकानातला पाळणा या घरात येणार नाही. माझं नातवंड मी केलेल्या पाळण्यात झोपेल." मुलगा खाली मान घालून जेवत राहिला, त्याला बाप ठाऊक आहे. पण सून नवी, तिनं खरं मानलं! "बाबा, दोन्ही बाजूंना चंद्र कोराल?" आता या घरात माझ्याकडे मागतात काय, तर बल्ब बदला, डबा उघडून द्या. चंद्र कुणी मागितला होता? विरघळलो. म्हटलं, "कोरतो."

हातानं चंद्र कोरायला कसब लागतं, ते माझ्यात नाही. पण कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीननं ते लाकडात कोरायचं, त्यात माझ्या कसबाचा संबंधच कुठे येतो? असं मला वाटलं. वाटलं हो! मागच्या खोलीतली कपाटं हलवली, फ्रेम जोडली, रूळ बसवले, मोटारी, पट्टे, वायरींचा हा गुंता... आणि पहिल्यांदा चालू केलं, हवेत, तेव्हा सगळं घर दारात उभं राहून बघत होतं. बायको चक्क "अय्या" म्हणाली. लग्नात म्हणाली होती, त्यानंतर आत्ता.

मग लाकूड लावलं. चंद्र म्हणून जे बाहेर पडलं ना... बटाटा. एका अंगाला कललेला, कडा कुरतडलेल्या, उंदरानं अर्धा खाऊन नको म्हणून सोडलेला बटाटा! सून जवळ आली, मान इकडून तिकडे केली, म्हणाली, "छान आहे की... ढग आहे का?" अशी गुणी मुलगी, आणि तिला खोटं बोलायला लावलं त्या डबड्यानं.

इंटरनेटवर विचारलं. तिथे एक महाभाग आहे, नाव घेतलंय 'करवतसम्राट'. मी आपला पानभर लिहायचो, मोटार अशी, पट्टा तसा, चंद्राचा बटाटा होतोय, आणि त्याचं उत्तर काय? "अर्थिंग तपासा." अहो, पट्टा सैल असेल का? "अर्थिंग तपासा." बोलणारा माणूस आहे की भिंतीवरची पाटी? मेहुणा आला बघायला, त्यानं खिशात हात घालून मशीनभोवती एक फेरी मारली, म्हणाला, "भावजी, आमच्या ऑफिसात एकानं असंच केलं होतं." मी आशेनं विचारलं, मग? "मग काय, भंगारात दिलं. सुखी आहे."

त्यात नवीन तऱ्हा. मशीन मधेच थांबायला लागलं. चाललंय, चाललंय, आणि एकदम ठप्प, स्क्रीनवर लाल अक्षरात 'अलार्म'! पुन्हा लावा, चालतं. पुन्हा ठप्प. स्क्रू पिळले, वायरी उपसल्या, नट उघडून पुन्हा बसवले, वैताग नुसता... आणि एकदा स्वयंपाकघरातून आलं घर्र्र, आणि इकडे ठप्प! मिक्सर! ती मिक्सर लावते आणि त्याची बाधा याच्या वायरींना होते! आता बायकोला जाऊन काय सांगायचं? सांगितलं. ती हात पुसत बाहेर आली, चहाच्या कपावरची भुशाची साय मला दाखवली, म्हणाली, "बरं. मिक्सर बंद. आजपासून तुमचा चंद्रच जेवा."

तेव्हा सगळ्या वायरी नव्या ओढल्या, जाळीच्या वेष्टणातल्या, मिक्सरच्या लायनीपासून लांब, आणि नीट अर्थिंग दिलं. ठप्प होणं बंद! म्हणजे तो करवतसम्राट बरोबर निघाला! तुम्हाला सांगतो, बटाट्याचं एवढं वाईट वाटलं नाही, पण त्या माणसाला "धन्यवाद" असं लिहिताना जी किळस आली...

आणि बटाटा तसाच. हवेत उत्तम, लाकडात बटाटा.

तेवढ्यात नात झाली. तिला घरी आणायच्या दिवशी मी मागच्या खोलीत भुशात माखलेला, आणि दारात व्याही. बरोबर दुकानातला पाळणा. वर प्लास्टिकची फुलपाखरं, दांडी दाबली की वाजणारं गाणं. म्हणाले, "तुमचं होईपर्यंत असू द्या." होईपर्यंत! माणूस सज्जन हो, पण तो शब्द असा लागला की मी पाणी विचारायचंही विसरलो. सून माझ्याकडे बघेना. मला लाज वाटू नये म्हणून बघेना, ते कळत होतं, आणि त्यानंच जास्त लाज वाटत होती.

आणि दोष कुठे होता सांगू? गुण्या! सुताराचा काटकोन हो, लोखंडी, कोपरे सरळ बसलेत का ते बघायचं हत्यार. फ्रेमचा प्रत्येक कोपरा मी त्याला लावून शंभरदा बघितला, प्रत्येक वेळी तंतोतंत. जुळणारच! जोडलाच होता त्याच्यावरून. वैतागून एकदा फळीवर त्यानं रेघ मारली, तो उलटा करून त्याच जागी दुसरी मारली... दोन रेघांनी वर जाऊन फारकत घेतलेली! वाकडा! आणि वाकणार नाही तर काय? त्या गुण्यानं मी इतकी वर्षं रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटत आलोय.

नवा गुण्या आणला, सगळी फ्रेम सोडून पुन्हा जोडली. फळी लावली. सवयीनं आधी हवेत चालवलं. पलीकडच्या खोलीत नात त्या फुलपाखरांखाली टाहो फोडत होती, कडेवर गप्प नाही, गाण्यानं गप्प नाही, आणि इकडे मोटारी गुणगुणायला लागल्या नि तिकडे... शांतता. सून दारात आली, तोंडावर बोट. "बाबा, झोपली. बंद करू नका." मी म्हटलं, बंद कशाला करतोय, आता तर खरा खेळ! कटर फिरता केला, खाली आणला, घूंऽऽऽ... आणि पोरीनं जो किंचाळून घर डोक्यावर घेतलं!

बायको आली. "अहो, काढा ते लाकूड आधी."

काढलं. चंद्र अर्धाच कोरलेला. पण काय गोल होता हो! सुनेनं तो तसाच अर्धा उचलला, फुलपाखरं काढून पाळण्याला टांगला. मी चष्मा पुसायला बाहेर गेलो. भुसा फार होता.

आता मशीन अगदी बिनचूक आहे. सकाळी चालतं, दुपारी चालतं, वीज गेली की घरात रडारड होते. व्याही विचारतात, "काय, झालं का तुमचं मशीन?" म्हटलं, झालं. "मग पाळणा कधी करताय?" काय सांगू? सव्वा बोटभर खाली फळी ठेवायचीसुद्धा परवानगी नाही मला.

...ऐकलंत? चुळबुळ सुरू झाली. तुम्ही बसा, मी जरा हवा कापून येतो.