पाटावरचे देव

माझे देव अजून पाटावर का बसलेत, असं तुम्ही विचारता ना, ते आज सांगतेच.

आमची शलाका वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकते. लाकडावर तिचा हात बसावा म्हणून मी सोळा सोमवार धरलेले. उद्यापनाला देव तिने केलेल्या देव्हाऱ्यात बसवायचे, असं ठरलेलं.

आदल्या दिवशी ती देव्हारा घेऊन आली. तिला शिकवणाऱ्या मेस्त्रींनी पास केलेला. मी हळदकुंकू वाहायला गेले, तर ही एका सांध्यावर बोट फिरवत बसलेली.

"आई, इथे फट राहिलेली. मी भुसा आणि गोंद भरून बुजवली. मेस्त्रींच्या लक्षात नाही आलं."

"अगं, देव भावाचा भुकेला. त्याला चालते फट."

"त्याला चालेल गं. मला रोज दिसेल."

गोंद पुरता वाळला नव्हता. तिने मोगरीने ठोकून सांधा सोडवला. मी हळदकुंकवाची कोयरी परत पाटावरच्या देवांपुढे ठेवली.

सोमवारी पूजेला शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, "काय हो, सोळा सोमवार केलेत आणि देव्हारा नाहीच?"

"वहिनी, मी देव्हारा मागितलाच नव्हता," मी म्हटलं. "तिचा हात बसू दे म्हटलं होतं. तो बसला."