पत्रा तापतो

...आणि वर लाडू! म्हणजे बघा, शिव्या दिल्या तर माणसाला घेता येतात, आमच्या धंद्यात त्या रोजच्याच, प्रिंटर अडला की शिवी, लाईट गेली की शिवी, जणू वीज मंडळ आमच्या काकाचंच आहे. पण लाडू? शेंगदाण्याचे, डब्यात भरून, वर धुतलेलं फडकं बांधून, "भाऊ, तुमच्यामुळं माझी भीती गेली," असं म्हणून कुणी डबा पुढं केला तर माणसानं काय करायचं? मी खाल्ले. तीन खाल्ले.  आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं हा माणूस दिवाळीच्या फराळाची तक्रार करून राहिला.

मी रेणुकादास. लातुरात आमची कॉम्प्युटर दुरुस्तीची कंपनी. कंपनी म्हणजे मी, माझा भागीदार निजामोद्दीन, एक स्कूटर आणि धूळ उडवायचा एक ब्लोअर. दोन हजार एक सालची गोष्ट. तेव्हा लातुरात ज्याला दोन खोल्या रिकाम्या त्यानं क्लास काढलेला, कुठून कुठून पोरं यायची बारावी करायला, आणि क्लास म्हटलं की नोट्स, नोट्स म्हटलं की दर रविवारी सराव परीक्षा, परीक्षा म्हटलं की पेपर, पेपर म्हटलं की कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर म्हटलं की तो शनिवारी बंद पडणार. मग आम्ही. वर्षाचा करार करायचा, महिन्याला एकदा जायचं, मशीन उघडायचं, धूळ उडवायची, परत लावायचं, वहीवर सही घ्यायची. शहाण्या माकडाला जमेल असं काम. मला नाही जमलं, ते पुढं येतंच.

तर प्रेमलाताई. अण्णाराव सरांच्या क्लासचे सगळे पेपर त्या टाईप करायच्या, छापून द्यायच्या, त्यावरच घर चालायचं. राहायला भावाच्या दोन खोल्या, वर चांगला मजबूत स्लॅब, पण त्या खोल्यांत राहायचं कोण? कांदे, गाद्या आणि एक पितळी घंगाळ. ताई आणि त्यांच्या सासूबाई नागुबाई, दोघी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथंच गॅस, तिथंच खाट, तिथंच कॉम्प्युटर. तुम्ही म्हणाल हे काय खूळ? लातूरच्या माणसाला असं विचारू नका. भूकंपाला आठ वर्षं होत आली होती तरी किती घरांत माणसं अंगणात आणि सामान घरात, असंच चाललेलं. आणि यांचं तर... औशाकडच्या खेड्यात घर होतं, पहाटे माळवद खाली आलं. दगडमातीचं छत, हातभर जाड. या दोघींना दुपारी बाहेर काढलं. ताईंच्या मालकांना काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ताईंचं एकच, डोक्यावर वजन नको. पत्रा पडला तर खोक पडेल, माणूस जाणार न्हाई.

एप्रिलात मी सर्व्हिसला गेलो. आता बघा, मशीनचं जे डोकं असतं ना, त्याच्यावर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पंखा असतो. धूळ काढताना त्याची वायर सोडवायची आणि मग परत लावायची. नागुबाईंनी पन्हं आणलं. मी पन्हं प्यायलो, झाकण लावलं, सही घेतली, निघालो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातून ताईंचा फोन. "भाऊ, मशीन दहा मिनिटं चालतंय आणि गप्प बसतंय." गेलो. बेचाळीस डिग्री ऊन, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. मी मशीन उघडलं का? न्हाई. कशाला उघडायचं? तीन दिवसांपूर्वी मीच उघडलं होतं, आणि माझ्या हातून काही राहिलं असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी कपाळ पुसलं, वर बघितलं आणि मोठ्या डॉक्टरसारखा म्हणालो, "पत्रा तापतो, ताई."

त्या म्हणाल्या, "पत्रा तर तापतोच हो भाऊ. मागच्या उन्हाळ्यात पण तापत होता."

बघा, बाई किती हुशार! आणि मी काय म्हणावं? "मागच्या उन्हाळ्यात मशीन नवीन होतं. आत स्लॅबखाली ठेवा." त्या हळूच म्हणाल्या, "आत मला बसवत न्हाई, भाऊ." आणि मी, तुम्हाला सांगतो, अगदी हसत हसत, चांगल्या भावनेनं म्हणालो, "शिकल्या-सवरल्या बाईनं असं भ्यायचं का?" आता धीर द्यायला म्हणालो की नाही? मग? यात माझं काय चुकलं?

त्यात अण्णाराव सर आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. "बाई, रविवारी तीनशे पोरं बसणार हायेत. जमत नसंल तर सांगा, मी दुसरीकडं देतो." संपलं. संध्याकाळी मी आणि ताईंच्या भावानं मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं, कांदे सरकवले, टेबल लावलं. आणि मी म्हटलं, आता एकदा झाकण उघडून बघावं.

वायर लोंबत होती.

दोन बोटांत मावेल एवढी वायर... मी तिच्याकडं बघतोय, ती माझ्याकडं. मागं दारात ताई, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "काय होतं हो, भाऊ?" आता एवढंच म्हणायचं होतं, की ताई, मी गाढव आहे, चला मशीन परत शेडमध्ये. अर्धं मिनिट लागलं असतं. पण ताईंचा भाऊ घामेघूम होऊन उभा, अण्णाराव सर अंगणात येरझारा घालून राहिलेले, आणि माझ्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव छापलेलं. मी अंगठ्यानं वायर आत दाबली आणि म्हणालो, "काही नाही, धूळ."

मशीन चाललं. सहा तास, सलग. पत्रा तापतो हे सिद्धच झालं!

निजामोद्दीनला मी खरं सांगितलं. सगळंच काही मनात ठेवत नाही मी. तो म्हणतो, "मियाँ, वायर परत लावली ना? मग? पत्रा तापत न्हाई का? तापतो. मग झूट किधर हाय?" आणि दुसऱ्या आठवड्यात त्यानं आमच्या हँडबिलावर छापून टाकलं, 'मशीन पत्र्याखाली ठेवू नये.' अण्णाराव सरांनी क्लासच्या मागं खास कॉम्प्युटरसाठी स्लॅबची खोली बांधली आणि नारळ फोडायला मला बोलावलं. मी फोडला. जूनमध्ये कामानं हदगावला गेलो, कापसाच्या आडतीवर, तर तिथला शेठ मलाच सांगतो, "मशीन पत्र्याखाली चालत न्हाई बरं का, लातूरचे मोठे इंजिनिअर सांगून राहिले." मी मान डोलावली. मोठ्या इंजिनिअरच्या विरोधात मी कसा बोलणार?

पण दर महिन्याला प्रेमलाताईंकडं जावं लागायचं ना. तिथं माझं सगळं अवघड व्हायचं. त्या खुर्ची दाराला चिकटवून बसायच्या, एक चप्पल पायात, एक काढलेली. टाईप करता करता मधेच मान वर, स्लॅबकडं. आणि बाहेर शेडमधून म्हातारी, दर थोड्या वेळानं, "प्रेमले, हायेस का?"

"हाव आत्याबाई, हाय."

चार ओळी टाईप. "प्रेमले, हायेस का?" "हाव, हाय." दिवसभर. म्हातारीला आठ वर्षांपूर्वी ढिगाऱ्याखालून हाका मारून लेकाचं उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून ती आता विचारत राहायची. आणि मी तिथं बसून पंख्यावर ब्लोअर मारून राहिलो! तीन वेळा मी सांगायला गेलो, देवाशपथ. पहिल्यांदा चहा आला. दुसऱ्यांदा अण्णाराव सर आले. तिसऱ्यांदा ते लाडू आले, आणि "भाऊ, भीती गेली." मग म्हटलं बरं झालं की! माझ्या चुकीनं एका बाईची आठ वर्षांची भीती गेली. हे तर पुण्यच झालं. पुण्य सांगून टाकलं तर फळ मिळत नाही म्हणतात. मग नाही सांगितलं, यात काय चुकलं?

डिसेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, धक्का आला. छोटाच. दुकानातल्या काचा वाजल्या, पाच-सहा सेकंद. पण लातुरात पाच सेकंदात सगळा बाजार रस्त्यावर आला, हातात ग्लास असलेला ग्लासासकट. निजामोद्दीन ओरडला, "किधर चालला रे?" मी स्कूटरवर होतो. मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी चाललोय ते.

गल्लीत सगळी माणसं घराबाहेर. ताईंच्या अंगणात नागुबाई शेडचा खांब धरून उभ्या, आवाज बसलेला. "प्रेमले, भाईर ये. प्रेमले." आतून उत्तर नाही. मी दारात गेलो. ताई खुर्चीत. दोन्ही हात टेबलावर, डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे, आणि शेजारी प्रिंटर आपला एकेक पान काढतोय.

"ताई, बाहेर या!"

"पेपर छापून राहिला, भाऊ. उद्या परीक्षा हाय."

"मग राहू द्या ना, नाहीतर मशीन बाहेर घेऊ."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "बाहेर कसं चालंल? पत्रा तापतो."

डिसेंबर होता हो. थंडी होती. पत्र्याला हात लावला असता तर कोमटसुद्धा लागला नसता.

इथं मी तुम्हाला काही विचारत नाही.

उंबऱ्यातच सांगितलं. वायर, पन्हं, धूळ, सगळं, एका दमात, नागुबाईंसमोर. ताई उठल्या. बाहेर आल्या. सासूला पाणी पाजलं, खाटेवर बसवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हणजे मशीन शेडमध्ये चाललं असतं?"

"चाललं असतं."

"भर उन्हाळ्यात पण?"

"मागच्या उन्हाळ्यात चालतच होतं."

"तेच मी म्हणाले होते." मी म्हटलं, "ताई, पण भीती तरी गेली ना?" तर म्हणाल्या, "कुठं गेली, भाऊ. तुम्ही शिकली-सवरली म्हणालात, म्हणून मी दाबून ठेवली. आठ महिने मी स्वतःलाच अडाणी म्हणून राहिले."

मला वाटलं आता दोन कानाखाली मारतील. मारल्या असत्या तर मी आभार मानले असते. त्या म्हणाल्या, "पेपरच्या दोनशे प्रती राहिल्यात. तुम्ही बसा आत. मी न्हाई बसणार आता."

बसलो. तुम्हाला सांगतो, मी लातुरात जन्मलो, स्लॅबखाली वाढलो, पण छताकडं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बल्बपासून खिडकीपर्यंत एक चीर होती. आठ महिने मी त्या खोलीत येत होतो, मला कधी दिसली नाही. रस्त्यावरून डाळमिलचा ट्रक गेला, घंगाळ थरथरलं, आणि मी कांदे तुडवत दारापर्यंत पोचलो होतो. ताई अंगणात बसून पानं लावत होत्या. हसल्या नाहीत, दुसरीकडं बघितलं. मी परत जाऊन बसलो. आणि बाहेरून म्हातारीचा आवाज आला, "लेकरा, हायेस का?" "हाय, आजी." दोन तासांत अकरा वेळा विचारलं तिनं, आणि अकराही वेळा मला रडू आलं.

अंधार पडायच्या आत मशीन शेडमध्ये नेऊन ठेवलं. अजून तिथंच आहे, झकास चालतंय. निजामोद्दीननं ते हँडबिल बंद केलं, पण हदगावचा शेठ अजून सांगत असणार, त्याला कोण आवरणार. आणि करार? मला वाटलं ताई तोडतील. नाही तोडला. तोडला असता तर मी सुटलो असतो. दर महिन्याला जातो, धूळ उडवतो, चहा मिळतो, नागुबाई तब्येतीची चौकशी करतात. फक्त सही करायच्या आधी ताई चष्मा लावतात, मला झाकण उघडायला लावतात, मशीन चालू करतात आणि वाकून आत बघत बसतात. मी म्हणतो, "पंखा फिरून राहिला, ताई."

त्या म्हणतात, "तुम्ही सांगू नका, भाऊ. मी बघते."