ते वर्ष दोघांचं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपल्या दुकानदार संघटनेचे जुनेजाणते सभासद, दाराशी ताटकळत उभे असलेले (पुढच्या रांगेत खुर्च्या आहेत, या) आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या करसल्लागार ताई, सर्वांना नमस्कार.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही, खोलून खोलून मी ते स्वतः शिकलो. एवढं सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येत नाही. घरचे त्याला खोड म्हणतात. आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या पस्तीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख केला. ती चौतीस आहेत.

खरं तर इथे माझ्या थोरल्या भावाने उभं राहायचं होतं. मागच्या वर्षी तो गेला. म्हणून त्याच्या वतीने मी.

दादा गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा. कापड कापायची वहिनी, शिवायचा दादा. दुकानाचा हिशोब आणि वर्षाचा रिटर्न, दोन्ही वहिनीच बघायची. ती गेली आणि दादाने रिटर्न भरणं सोडलं. एक वर्ष, दोन वर्षं, बघता बघता सात झाली. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक येत होतं, पण कर खात्याचं पाकीट आलं की तो ते न उघडता ठेवून द्यायचा. कुठे? फोमच्या पोत्यात. एकदा मी त्या पोत्यावर टेकलो आणि ते वाजलं. फोम वाजत नाही.

"दादा, यात काय आहे?"

"फोम."

"फोम कुरकुरतो होय?"

"तू बसल्यावर कुणीही कुरकुरेल."

मी हात घालून पाकिटं बाहेर काढली. शेवटच्या पाकिटात लिहिलं होतं की महिनाभरात हिशोब आला नाही, तर दुकानाला सील लागेल. मी त्याला काय काय बोललो ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. तो ऐकत शिवत राहिला. मग म्हणाला, "धाकट्या, पैसे बाजूला ठेवलेत रे मी. दर वर्षीचे."

"मग भरत का नाहीस?"

"पहिल्याच पानावर विचारतात."

"काय विचारतात?"

त्याने मशीन सुरू केलं.

मी त्याला धरून ताईंकडे नेला. का भरले नाहीत, हे ताईंनी विचारलंच नाही. पाकिटं तारखेवार लावली आणि म्हणाल्या, "सगळ्यात अलीकडच्या वर्षापासून सुरू करू. मग मागे मागे जाऊ." मला राहवेना, म्हटलं, ताई, मागची शिल्लक पुढे येते, हिशोब असा उलटा कसा होईल? ताई म्हणाल्या, "काटेवाले, तुम्ही चहा घ्या." आता हसताहेत बघा.

पहिल्या पानावर चौथ्या ओळीत तीन चौकोन होते. अविवाहित, विवाहित, विधुर. दादाचं पेन तिथे थांबलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात वर्षं हा माणूस तो एक चौकोन चुकवत होता. ताई खिडकी लावायला म्हणून उठल्या. परत आल्या तोवर खूण झाली होती.

पुढच्या बैठकीला त्याच्या आधीचं वर्ष. पुन्हा विधुर. मग त्याच्याही आधीचं. पेन दर वेळी थांबायचं आणि दर वेळी ताईंना काहीतरी काम आठवायचं.

शेवटी, वहिनी गेली ते वर्ष उरलं. त्या वर्षाच्या दुसऱ्याच महिन्यात ती गेली होती. दादा आता सरावला होता. त्याने विधुरवर पेन टेकवलं. ताईंनी त्याचा हात धरला.

"तिथे नाही. इथे, विवाहित."

"पण ती तर..."

"या देशात तसा नियम आहे. जोडीदार ज्या वर्षी जातो, ते वर्ष दोघांचं धरतात. रिटर्नही दोघांचा मिळून."

"सगळं वर्ष?"

"सगळं."

एरवी कुणी नियम सांगितला की मी आधी पुस्तक मागतो. त्या दिवशी मागितलं नाही. नंतर तपासला, बरोबर आहे.

पुढे पत्नीच्या व्यवसायाचा रकाना आला. वहिनी स्वतः भरायची तेव्हा तिथे 'गृहिणी' लिहायची. दादा म्हणाला, "कटिंग मास्तर लिहा. माझी शिवण सरळ दिसायची ती तिच्या कापण्यामुळे." ताईंनी तेच लिहिलं. आणि दादा टेबलावर डोकं ठेवून रडला. वहिनीला पोचवून आलो त्या दिवशीही तो रडला नव्हता. मी सांगितलेल्या सरळ क्रमाने गेलो असतो, तर हे वर्ष पहिल्याच दिवशी संपलं असतं, आणि पुढची सहा वर्षं त्याला तिच्यापासून लांब लांब जावं लागलं असतं. हे ताईंना कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

दंड भरला, दुकान राहिलं. पुढची दोन वर्षं दादाने मुदतीच्या आधी रिटर्न भरला, आणि तो चौकोन सगळ्यात शेवटी भरला.

त्याचा शेवटचा रिटर्न वारस म्हणून मी भरला. माझा मी. ताईंना फक्त तपासायला दिला. त्यांनी एकच चूक काढली. दादाच्या नावाआधी मी 'कै.' लिहिलं होतं. "ते काढा," त्या म्हणाल्या, "या पानावर तो वर्षभर शिवतोय." मी कागद घरी नेला. दुसऱ्या कोऱ्या पानावर त्याचं नाव नुसतं लिहायला मला आठवडा लागला.

ताई, तुमचे आभार दादाने मानायचे होते, आणि त्याने ते दोन वाक्यांत मानले असते. मला ते जमलं नाही. सभेने एवढा वेळ दिला, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते माझ्या नावावर धरा. त्याच्या नावावर आता काही बाकी नाही.