आम्हाला मोडकीच बंदूक हवी होती

वस्तू जास्तच चांगली निघाली म्हणून तुम्ही कधी तक्रार केली आहे का? आम्हाला करावी लागली.

इथे कुवेतमध्ये ह्यांनी ऑनलाइन लिलावात एक जुनी रायफल घेतली. वर्णनात लिहिलं होतं, ‘निकामी, फक्त शोभेची.’ म्हणून तर घेतली, भिंतीवर टांगायला. घरी आल्यावर शेजारचे इक्बालभाई कौतुकाने बघायला आले. त्यांनी खटका ओढून पाहिला आणि रायफल पटकन खाली ठेवली.

“वहिनी, हिच्यातून गोळी सुटेल! परवाना नाही, पोलिसांना कळलं तर तुमची दोघांची रवानगी थेट गावी, साताऱ्याला.”

ह्यांनी घाबरून विकणाऱ्या कुवेती गृहस्थांना फोन लावला.

“तुम्ही पाठवलेली रायफल चांगली आहे हो!”

“मबरूक! अभिनंदन!” ते खुशीत म्हणाले.

“नाही, मला खराब पाहिजे.”

“खराब? का?”

“कारण ही चांगली आहे!”

तिकडे ते गोंधळले, इकडे मी. ह्यांच्या बोलण्यात नक्की काय चुकतंय, तेच मला कळेना. शेवटी ह्यांनी परवान्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ स्वतः आले, चांगली रायफल घेऊन गेले आणि गंजलेली हातात देताना ह्यांची पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले.