कपाळावरचा हात

आखातातल्या झल्लाक गावाच्या बसमध्ये लीनाच्या मागच्या सीटवर एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातले दोघे बोलत होते.

“उबेद, तुझ्या अम्मीला जाऊन महिना झाला. उद्यापासून मोझरेलाला परत तूच उभा राहा. कढत पाण्यात हात घालून असं चीज ताणणारा दुसरा कोण आहे इथं?”

“नको, हमीदचाचा. मला भांडी घासायला लावा.”

“अरे, तुला तर चटकेसुद्धा बसत नाहीत!”

“नाही बसत. सहा वर्षांत बोटं मेलीत माझी.”

“मग चांगलंच की.”

“सुट्टीवर गावी गेलो तेव्हा अम्मी म्हणाली, बघ रे, अंग गरम लागतंय काय. मी कपाळावर हात ठेवला नि म्हटलं, ‘काय नाय गो, थंड आहेस.’ दोन दिवस तेच सांगत राहिलो.”

“मग?”

“तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. तिनं हात लावला नि चटका बसल्यासारखा मागे घेतला.”